हिवराळेबाई आणि निळ्या दोऱ्याच्या मेंढ्या

कोकरू जन्मलं की हिवराळेबाई आधी त्याच्या तोंडात करंगळी घालायच्या. कोकरू ओलंचिंब असायचं, आईचं चाटणंही पुरं झालेलं नसायचं. मालक विचारत असायचा, नर आहे की मादी. बाई तिकडे लक्षच द्यायच्या नाहीत. करंगळी तोंडात, डोळे मिटलेले, आणि दोन-तीन श्वासांइतकी शांतता. तोंड उबदार लागलं तर म्हणायच्या, "हाये. हाये हे." गार लागलं तर कोकरू उचलून सरळ स्वतःच्या स्वेटरच्या आत घालायच्या. तो स्वेटर पुरुषी होता, चॉकलेटी रंगाचा, कोपरांवर विरलेला. त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा. त्यातून किती कोकरांनी डोकं बाहेर काढलं असेल, याची मोजदाद त्यांनी कधी ठेवली नाही.

त्यांची माझी पहिली भेट फुलंब्रीच्या बसस्टँडवर झाली. शहरातल्या एका पशुसंशोधन केंद्रात मला अकरा महिन्यांची ऑर्डर मिळाली होती. गावोगाव जाऊन माहिती गोळा करायची आणि रजिस्टरं भरायची, हे काम. हिवराळे नावाच्या परिचर आहेत, त्या गाव दाखवतील, एवढंच मला सांगितलेलं. दिवाळी नुकतीच झालेली, सकाळची थंडी. बुटकी, रुंद बांध्याची, साडीवर पुरुषी स्वेटर घातलेली एक बाई माझ्याकडे आली आणि नाव विचारायच्या आधी तिने माझा हात हातात घेतला.

"गार पडलीस की. खाऊन निघालीस का तशीच?"

चहा घेतलाय, मी म्हणाले. चहा म्हणजे खाणं नव्हे, असं सांगून त्यांनी पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा काढला. मी खाता खाता त्यांची चौकशी सुरू केली. त्या केंद्रात किती वर्षं आहेत, आधी रोजंदारीवर का होत्या, नंतर कंत्राटावर का, कायम का केलं नाही, संघटना काय करत होती. मी आवाज चढवला होता, बाजूचे दोन-तीन प्रवासी वळून बघायला लागले होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "आधी खा. मंग भांड माझ्या वतीनं."

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगणं भाग आहे. माझे वडील आयुष्यभर पत्रकं वाटत आले. गुलमंडीजवळच्या एका छापखान्यातून ओल्या शाईचे गठ्ठे आमच्या घरी यायचे, आणि मी वाचायला शिकले ती त्या गठ्ठ्यांवरच. त्यामुळे कुठेही गेले तरी अन्याय कुठे आहे ते मला आधी दिसतं आणि बाकीचं नंतर. पूर्वी मी हे अभिमानाने सांगायची. आता जरा जपून सांगते.

केंद्रात तेव्हा जो प्रयोग सुरू होत होता, त्याचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. गाभण मेंढ्यांना पूरक खुराक दिला तर त्यांच्या कोकरांची रोगप्रतिकारशक्ती वाढते का, हे बघायचं होतं. बाईंच्या तोंडी मात्र तो शब्द कधी आला नाही. त्या 'राखण' म्हणायच्या. मला सगळा विषय त्यांनी पहिल्याच दिवशी, फुलंब्रीपासून वस्तीपर्यंतच्या कच्च्या रस्त्याने चालता चालता समजावला.

"बाईच्या लेकराला पोटात असतानाच आईकडून थोडी राखण मिळती. कोकराला नाय. ते कोरं येतं बघ, रिकामं. जे काय मिळायचं ते चिकातनं. आन् त्याच्या पोटाचं दार एकच दिवस उघडं ऱ्हातं. त्याच्यानंतर किती बी पाज, नुसतं दूधच ते."

चीक म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट, पिवळसर दूध. तो किती उतरतो आणि वेळेवर उतरतो का, हे मेंढीने शेवटच्या दीड महिन्यात काय खाल्लं यावर ठरतं, असं बाईंचं म्हणणं होतं. आणि नेमका त्याच दीड महिन्यात लोक तिच्या खाण्याकडे दुर्लक्ष करत. माळावर गवत वाळलेलं असतं, कापसाच्या पऱ्हाट्यांत चरायला सोडलं की झालं. वर समजूत अशी की गाभण मेंढीला जास्त घातलं तर कोकरू मोठं होतं आणि अडतं. "आमच्या बायांना बी हेच सांगत्यात," बाई म्हणाल्या. "सातवा लागला की ताटात अर्धी भाकर. मेंढीचं आन् बाईचं डोहाळजेवण सारखंच गावात." मी थांबून म्हणाले, हे लिहायला पाहिजे. त्या म्हणाल्या, "लिही. पर आधी मेंढ्या बघ."

हे सगळं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. सातवी झालेली ही बाई पंधरा वर्षं केंद्रात काचेच्या नळ्या धूत होती. आजारी कोकरांचं रक्त तपासणीला यायचं. रक्तातलं वरचं पिवळं पाणी झिंक सल्फेटच्या पाण्यात टाकायचं आणि तासभर थांबायचं, अशी ती साधी तपासणी. कोकरात राखण असेल तर नळी गढूळ होते, नसेल तर स्वच्छ राहते. बाई नळीमागे जुन्या कॅलेंडरचं पान धरायच्या आणि तारखा दिसेनाशा झाल्या की म्हणायच्या, "पास." गढूळ पाणी बघून आनंदणारी मला माहीत असलेली ही एकच बाई. नळ्या धुताना त्यांच्या लक्षात आलं की काही घरांची कोकरं हमखास पास होतात. त्या घरी बाई सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खर्चाने जाऊन आल्या. प्रत्येक ठिकाणी कुठल्या ना कुठल्या बाईने गाभण मेंढीला गुपचूप पेंड घातलेली होती.

हे त्या येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सांगत राहिल्या. डॉक्टर बदलून जात राहिले. नळ्या धुणाऱ्या बाईचं म्हणणं कोण ऐकणार, आणि त्यातून ती कुठल्या वस्तीतली हे हजेरीपटावरच्या आडनावावरून कळतच असतं. अखेर एका डॉक्टरांनी ऐकलं. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. कमी बोलणारा, पान खाणारा, रुक्ष दिसणारा माणूस. ते म्हणाले, "बाई, तुमचं खरं असेल तर ते मेंढ्यांकडूनच वदवून घेऊ." निकाल बाईंच्या बाजूने लागला, तर तालुक्यातल्या मेंढ्या पाळणाऱ्या बायकांना गाभणकाळातला खुराक योजनेतून मिळावा, असा प्रस्ताव ते पाठवणार होते. बाईंची त्या मार्चमध्ये साठी पुरी होत होती. त्यानंतर ऑर्डर निघणार नव्हती. म्हणजे पंधरा वर्षांचं म्हणणं खरं की खोटं, ते ठरायला त्यांच्याकडे एकच हिवाळा होता.

प्रयोग असा. पाच घरांतल्या गाभण मेंढ्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्यांच्या गळ्यात लाल दोरा, निम्म्यांच्या निळा. लाल दोऱ्याच्या मेंढ्यांना रोज सकाळी मोजून खुराक : मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड, खनिज मिश्रण, चिमूटभर मीठ. निळ्या दोऱ्याच्या मेंढ्यांना फक्त चरणं, नेहमीसारखं. चिठ्ठ्या बाईंनीच काढल्या. निळ्याच्या वाट्याला काही नाही हे कळल्यावर मी काय म्हणणार हे त्यांनी ओळखलं असावं, कारण माझ्याकडे बघून त्याच आधी हसल्या. "बघ गं प्रज्ञा. हितं बी निळ्यालाच उपाशी ठिवलं."

मला हसू आलं नाही. मला ते खरंच लागलं.

पाच घरांपैकी सगळ्यात मोठा कळप भामाबाईचा. निम्म्याहून जास्त मेंढ्या तिच्याच होत्या. पन्नाशीची, सडपातळ, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी आणि जीभ मात्र कधी जाग्यावर न राहणारी. नवरा रानात असायचा, त्यामुळे कळपाचा सगळा कारभार तिच्याकडे. मला ती 'म्याडम' म्हणायची, ते मला चिडवायला. हिवराळेबाईंना नुसतं 'बाई'. पहिले काही दिवस तिने बाईंना पाणी दिलं ते वेगळ्या पेल्यात, कट्ट्याच्या टोकाला ठेवून. मी भडकले. बाई स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि कामाला लागल्या. परतताना मी विचारलं की हे सहन कसं करता. त्या म्हणाल्या की सहन केलेलं नाही, प्यायलेच नाही ना मी. आठवडाभर पेला तसाच भरलेला राहिला. मग एक दिवस भामाबाईनेच घरातल्या तांब्यातून पाणी दिलं, आणि बाईंनी ते घेतलं.

प्रयोगात नसलेली भामाबाईची एक मेंढी सगळ्यांच्या आधी व्याली. तिच्या घरची रीत अशी होती की मोसमातला पहिला चीक बांधावरच्या देवाला जायचा, तोही घरच्या पुरुषाने अंघोळ करून न्यायचा. तोवर कोकराला पाजायचं नाही. नवरा फुलंब्रीच्या बाजारात गेलेला. कोकरू डालग्याखाली झाकलेलं आणि ओरडून ओरडून त्याचा आवाज बसलेला. मी सुरू झाले. देव, दगड, अंधश्रद्धा, एका जिवाचा खून. माझ्या तोंडून पत्रकाचा अख्खा मथळा बाहेर पडला असता, पण बाईंनी माझा कोपर असा चिमटला की डोळ्यांत पाणी आलं. मग त्या भामाबाईशेजारी उकिडव्या बसल्या.

"भामाबाई, देव उद्या बी तिथंच असंल. ह्याला उद्या नाय. आधी ह्याला पाजू, मंग देवाचं वाटीत काढून ठिवू."

"उष्टं व्हतं ना बाई."

"लेकराचं उष्टं आई खाती का नाय? मंग देवाला काय झालं?"

भामाबाई थोडा वेळ जमीन उकरत बसली. मग तिने डालगं उचललं.

येताना मी बाईंवर चिडले होते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली बाई देवाचा वाटा काढून ठेवते. बाईंनी मला वाक्य पूर्ण करू दिलं आणि म्हणाल्या, "मी कुठं हात जोडले? मी कोकरू पाजलं."  मी त्या दिवशी डायरीत त्यांच्याविरुद्ध एक पान लिहिलं. ते पान अजून आहे. वाचताना लाज वाटते, पण फाडलेलं नाही.

मग डिसेंबरात बाईंची मुलगी लासूर स्टेशनला बाळंतपणाला टेकली. तिच्या सासरी करणारं कोणी नव्हतं. बाईंनी पंधरा दिवसांची बिनपगारी रजा घेतली, बाकीच्या घरांचा खुराक केंद्रातल्या दुसऱ्या परिचराकडे दिला आणि भामाबाईच्या कळपाचा माझ्यावर सोपवला. जाताना त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. लाल मेंढ्या खाऊन होईपर्यंत तिथून हलायचं नाही, आणि निळ्यांना कण देखील द्यायचा नाही. मी हो म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले होते.

पहिले तीन दिवस मी शब्द पाळला. निळ्या मेंढ्या काट्याच्या कुंपणापलीकडे बांधलेल्या असायच्या. पेंडीचा वास गेला की त्या ओरडायला लागायच्या. गाभण मेंढी भुकेने ओरडते तेव्हा आवाज पोटातून येतो. लाल मेंढ्या माना खाली घालून खात असायच्या. चौथ्या दिवशी भामाबाई सहज म्हणाली, "म्याडम, ह्यांनी काय पाप केलंय ओ? एका मेंढ्याच्याच हायत सगळ्या." तिला काही सुचवायचं नव्हतं, ती बोलतच असायची. पण माझ्या डोक्यात ते वाक्य शिरलं. माझ्या घरात कोणाला दोन भाकरी आणि कोणाला शून्य असं कधी झालेलं नाही. भाकरी एक असली तरी तिचे तुकडे होतात. मी पाटी उचलली, अर्धा खुराक लाल मेंढ्यांपुढे टाकला आणि अर्धा निळ्यांपुढे. भामाबाई हसून म्हणाली, आता कसं म्याडम शोभता. त्यानंतरचे सगळे दिवस मी तसंच केलं. रजिस्टरमध्ये मात्र पूर्वीसारखंच लिहीत गेले. आपण न्यायाचं काम करतोय, अशी माझी पक्की खात्री होती. आपण खोटं लिहितोय हे मला दिसत होतं, पण न्यायापुढे ते मला किरकोळ वाटलं.

बाई नात बघून परत आल्या. रजिस्टरच्या त्या पंधरा दिवसांखाली त्यांची सही राहिली होती. मी पुढे केलं, त्यांनी माझ्याकडे बघून सही केली. आता वाटतं, तेवढा विश्वास त्यांनी आयुष्यात फार थोड्यांवर टाकला असेल.

मग मेंढ्या व्यायला लागल्या. रोज कोकरांचं रक्त काढायचं, नळ्या शहरात न्यायच्या. रक्त गारठू नये म्हणून बाई नळ्यांचा डबा फडक्यात गुंडाळून पोटाशी, स्वेटरच्या आत धरायच्या. बसमध्ये लोक त्यांना जागा द्यायचे. साठीच्या बाईचं असं पोट बघून एक कंडक्टर गोंधळला होता. बाई त्याला म्हणाल्या, "कोकरं हायेत. बारा." आणि तिकीट घेऊन खिडकीबाहेर बघत बसल्या.

चार घरांच्या नळ्या बाईंच्या म्हणण्याप्रमाणे आल्या. लाल गढूळ, निळ्या पातळ. बाई नळ्या धुताना गुणगुणायला लागल्या होत्या. शेवटी भामाबाईच्या कळपाच्या नळ्या लागल्या. एक ओळ लालची, एक निळ्याची. बाईंनी कॅलेंडरचं पान मागे धरलं. तारखा दोन्हीकडे सारख्याच अंधुक दिसत होत्या. ना धड पास, ना धड नापास. त्यांनी पान खाली ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा धरलं. मग नवं पाणी करून सगळ्या नळ्या पुन्हा लावल्या. तासाभराने तेच.

"माझंच चुकलं का गं?" त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या नव्हत्या, नळ्यांना म्हणाल्या होत्या.

ते ऐकल्यावर माझ्याने राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. पाटी, अर्धा वाटा, रजिस्टर. सांगताना मी मधेमधे समर्थनही करत होते. बाईंनी ऐकलं, हातातली नळी धुतली, उपडी केली, दुसरी घेतली. सगळ्या नळ्या धुऊन झाल्या. मग म्हणाल्या, "तुला निळ्यांची दया आली. मला पंधरा वरसं आली नसंल का?"

मी रडले. मग डोळे पुसले आणि माझ्यातली कार्यकर्ती जागी झाली. बाकीच्या चार घरांचं तर स्पष्ट आहे, मी म्हणाले. तुमचं म्हणणं खरंच आहे, ते सिद्ध झालंय. भामाबाईच्या कळपाचे आकडे मी तसेच लिहिते. लाल गढूळ, निळ्या पातळ. तसं झालं असतंच, मी मधे आले नसते तर. कोणाला कळणार नाही, योजना येईल, शेकडो बायकांचं भलं होईल. आणि तुमच्या हातात आता वर्षं उरलेली नाहीत, हेही मी बोलून गेले.

बाई हात पुसत माझ्यासमोर बसल्या. त्या दिवशी त्या जे बोलल्या ते मी शब्दशः लिहून ठेवलं आहे.

"आपल्या लोकान्ला हजारो वरसं काय सांगितलं? लिव्हलंय म्हनून खरं हाये. कुणी बघितलं नाय, कुणी मोजलं नाय, पर लिव्हलंय. आता लिहायची पाळी आपली आली, तर आपण बी तसंच लिव्हायचं? मंग माझ्यात आन् त्यांच्यात काय फरक ऱ्हायला, पोरी?"

 कुठल्याही पत्रकात मी ते वाचलेलं नव्हतं.

आम्ही दोघी मोठ्या सरांकडे गेलो. मी सांगायला लागले, तर बाईंनी आधी स्वतःचं सांगितलं. "मी हजर नव्हते आन् तरी सही केली, ही चूक माझी." सरांनी पान थुंकलं, बराच वेळ रजिस्टर चाळलं. ओरडले नाहीत. भामाबाईचा कळप त्यांनी हिशेबातून काढला. उरलेल्या मेंढ्या थोड्या होत्या. फरक दिसत होता, पण एवढ्यावर ठाम विधान करता येणार नाही, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा करावं लागेल, असं त्यांनी अहवालात लिहिलं. ते बाईंना म्हणाले, "सॉरी बाई." मी त्यांना कोणाला सॉरी म्हणताना त्याआधी ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही. बाई म्हणाल्या, "तुम्ही कामून सॉरी? करा पुन्हा. मेंढ्या कुठं पळून चालल्यात?"

मार्चअखेर त्यांना निरोप दिला. शाल, नारळ, दोन भाषणं. भाषणांत त्यांचा साधेपणा, प्रेमळपणा, सेवाभाव सगळं आलं. त्यांनी काय शोधलं होतं ते कोणी बोललं नाही. बाई खुर्चीत अवघडून बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी नळ्यांचा ट्रे एकदा मोजला, मला किल्ली दिली आणि लासूर स्टेशनला लेकीकडे गेल्या.

पुढच्या हिवाळ्यात माझी ऑर्डर पुन्हा निघाली ती सरांनी मागून घेतली म्हणून. त्यांनी मला खुराकाचंच काम दिलं, भामाबाईच्याच कळपावर. दीड महिना रोज सकाळी मी पाटी घेऊन उभी राहिले. लाल मेंढ्या खात होत्या, निळ्या ओरडत होत्या, आणि मी दुसरीकडे न बघता, बाजूला न होता ते ऐकत होते. सोपं नव्हतं. भामाबाईने एकदा मागचीच टिंगल पुन्हा केली, मग माझं तोंड बघून तिने विषय बदलला. या वेळी नळ्या लावल्या तेव्हा कॅलेंडरचं पान मी धरलं. लाल ओळीमागे तारखा दिसत नव्हत्या. निळ्या ओळीमागे चौदा एप्रिलसुद्धा वाचता येत होता.

सरांनी योजनेचा प्रस्ताव पाठवला, आणि मी निकालाचा कागद व त्यावरून बायकांसाठी लिहिलेलं एकपानी पत्रक घेऊन लासूरला गेले. बाई खाटेवर होत्या. दम लागायचा, जिना उतरणं बंद झालं होतं. नात शेजारी खेळत होती. मी निकाल वाचला. त्यांनी आनंदाने मला जवळ वगैरे घेतलं नाही. निळ्या मेंढ्यांची किती कोकरं दगावली ते आधी विचारलं. दोन, मी म्हणाले.  मग म्हणाल्या की त्या दोघांचं ओझं आपल्यावर आहे, म्हणून आता सगळ्यांना द्या, आता कोणाला अडवू नका.

पत्रक मी मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. चांगलं जमलंय, असं मला वाटत होतं. बाईंना ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाल्या, "सगळं हाये. पैल्या वरसाचं नाय."

पहिल्या वर्षी काय झालं ते पत्रकात कशाला, मी म्हणाले. आपली चूक आपणच छापून वाटली असं आजवर कोणी केलं आहे का? लोक हसतील. बाईंना बोलायला श्वास पुरत नव्हता, म्हणून त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, कागदाच्या तळाशी बोटभर जागा मोकळी होती तिथे एक आडवी रेघ ओढली आणि पेन परत दिलं. तिथे लिहायचं, एवढाच त्याचा अर्थ. मी लिहिलं.

पत्रक छापून यायच्या आधीच त्या गेल्या. लेकीने फोनवर सांगितलं, सकाळी चहा मागितला आणि तो येईपर्यंत झालं. मी लासूरला पोचले तेव्हा चॉकलेटी स्वेटर खुंटीला होता. तो मी मागितला नाही. तो त्या घरातच राहायला हवा होता.

पत्रक पहिल्यांदा वाचलं ते भामाबाईच्या अंगणात. दहा-बारा बायका जमल्या होत्या, कडेवर लेकरं, पुढ्यात निवडायला घेतलेली तूर. खुराक किती, कधीपासून, पहिल्या तासात चीक, त्यासाठी जार, म्हणजे वार, पडायची वाट बघायची नाही, हे सगळं मी वाचत गेले. बायका ऐकत होत्या, पण जशी सरकारी माणसाची गोष्ट ऐकतात तशी. एकीने जांभई दिली. मग मी तळाची ओळ वाचली. पहिल्या वर्षी एका कळपात खुराक लाल-निळ्या दोन्ही मेंढ्यांना वाटला गेला आणि वहीत तसं लिहिलं गेलं नाही, म्हणून तो कळप आम्ही धरला नाही. ही चूक हे पत्रक लिहिणारीची.

निवडणारे हात थांबले. भामाबाईने पदर सावरला.

"हे तू लिवलंस? मपल्या कळपाचं?"

"व्हय."

"छापून?"

"व्हय."

 मग तिने सुपातली तूर बाजूला सारली आणि सुनेला हाक मारली. "ए, हितं येऊन बस. अन् म्याडम, तू ते वरचं पुन्हा वाच. किती भरडा, किती पेंड. हळू वाच, मला पाठ करायचंय."